एक लिव्हर मोडला, दोन बदलले: पुढचा ब्रेक धरून बसल्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी म्हणजे मोटरसायकल, साधी, रोजच्या वापरातली. एकच सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम, क्लच केबलवरचा, एबीएस नाही. मालक गाडीची काळजी घेणारा. चेन ताणणं, ऑइल बदलणं, प्लग साफ करणं ही कामं तो घरीच करतो आणि नीट करतो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की अडाणीपणाने केलेल्या कामाची ही गोष्ट आहे. तसं नाही.

साइड स्टँडवर उभी असलेली गाडी मऊ मातीत स्टँड रुतल्याने डावीकडे आडवी झाली. टाकीला काही नाही, आरसा थोडा फिरला, क्लच लिव्हरचं टोक मोडलं. बऱ्याच लिव्हरना टोकापासून थोडं अलीकडे एक खाच असते. गाडी पडली की लिव्हर तिथेच मोडावा आणि उरलेल्या भागावर दोन-तीन बोटं ठेवून घरापर्यंत जाता यावं, यासाठी ती मुद्दाम ठेवलेली असते. इथे तसंच झालं.

खरं तर काम इथेच संपायला हवं होतं: एक क्लच लिव्हर, मूळ मापाचा. पण मालकाची एक जुनी तक्रार होती. त्याची बोटं आखूड, आणि दोन्ही लिव्हर त्याला कायम लांब वाटायचे. त्यामुळे त्याने लांबी कमी आणि अंतर बदलता येणारा, म्हणजे खटक्याने लिव्हर हँडलजवळ आणता येणारा जोड घेतला. पाकिटावर बऱ्याच मॉडेलची नावं होती, त्यात त्याचंही होतं. उजवा लिव्हर धडधाकट होता. तरी डावा नवा आणि उजवा जुना बरा दिसत नाही, म्हणून तोही काढला.

अंतर बदलणारा लिव्हर हवासा वाटणं यात काही चूक नाही. हात पुरत नसेल तर ब्रेक उशिरा लागतो, आणि ते जास्त धोक्याचं आहे. पण या प्रकरणातला सगळा त्रास ज्या बाजूला काही बिघडलेलंच नव्हतं त्या बाजूने सुरू झाला.

बसवताना दिसलेल्या खुणा

क्लच लिव्हर बदलणं सोपं. हँडलजवळचा अ‍ॅडजस्टर पूर्ण आत घ्यायचा, अ‍ॅडजस्टर आणि त्याचा लॉकनट यांच्या खाचा लिव्हरच्या खाचेसमोर आणायच्या, केबल बाहेर सरकवायची, खालचा नट काढून पिव्होट बोल्ट (लिव्हर ज्याभोवती फिरतो तो) वर काढायचा, केबलच्या टोकाचं निपल लिव्हरमधून सोडवायचं. नवा लिव्हर याच्या उलट क्रमाने बसवायचा. ब्रेकच्या बाजूला तर केबलही नसते. नट काढला, बोल्ट काढला की लिव्हर हातात येतो. ब्रेक ऑइलला हात लावावा लागत नाही, त्यात शिरलेली हवा (एअर) काढावी लागत नाही. त्यामुळेच कुणालाही हे ब्रेकचं काम वाटत नाही. आरसा बदलावा तसं वाटतं.

मालकाने नंतर आठवून आठवून सांगितलं त्यानुसार त्या दिवशी चार गोष्टी वेगळ्या होत्या.

ब्रेकचा पिव्होट बोल्ट सहज आत जाईना. भोकं जुळायला लिव्हर अंगठ्याने थोडा आत दाबून धरावा लागला, मग बोल्ट गेला. मालकाला वाटलं, नवं आहे, घट्टच असणार.

चावी फिरवली तर ब्रेक लाइट लागलेलाच. लिव्हर सोडलेला असतानाही विझेना. या गाडीत लिव्हर पूर्ण मागे आला की त्याची कड एका छोट्या स्विचचं बटण दाबून धरते. लिव्हर ओढला की बटण सुटतं आणि लाइट लागतो. नव्या लिव्हरची कड बटणापर्यंत पोहोचतच नव्हती. मालकाने कडेवर चिकटपट्टीचे दोन-तीन थर चढवले. लाइट विझायला लागला.

तिसरी गोष्ट त्याला आवडली होती. ब्रेक एकदम टाइट वाटत होता. जुन्या लिव्हरला सुरुवातीला जो किंचित रिकामा प्रवास होता, तो गेला होता. बोट लावलं की ब्रेक.

चौथी म्हणजे क्लच हलका झाला. तीही त्याला आवडली.

पुढचं चाक उचलून फिरवलं, मोकळं फिरलं. जवळच एक फेरी मारली, सगळं ठीक. काम झालं असं धरून पान्याची पेटी बंद झाली.

अडचण

काही दिवसांनी गर्दीच्या रस्त्यावर, दर थोड्या अंतराने ब्रेक मारत जाताना, गाडी जड झाल्यासारखी वाटू लागली. गॅस वाढवला तरी ओढ नाही. पुढच्या बाजूने जळकट वास. ब्रेक लिव्हरचा प्रवास कमी होत होत जवळजवळ संपला. थांबून न्यूट्रलमध्ये ढकलून पाहिली तर पुढचं चाक हलायला तयार नाही. थोडा वेळ सावलीत उभी केली आणि गाडी सुतासारखी सरळ. घरापर्यंत काही झालं नाही.

मालकाने गाडी जवळच्या गॅरेजमध्ये नेली. तिथे पोहोचेपर्यंत ती थंड झालेली, चाक मोकळं. मेकॅनिकने कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) उतरवला, सरकणाऱ्या पिना साफ करून ग्रीस लावलं, पॅड पॉलिश पेपरवर घासून परत बसवली. यात त्याला नावं ठेवण्यासारखं काही नाही. डिस्क ब्रेक धरून बसतो तेव्हा कोरड्या पडलेल्या पिना किंवा गंजलेला कॅलिपरचा पिस्टन हेच कारण बहुतेक वेळा असतं. त्याने गाडी चालवून पाहिली आणि आणखी एक निदान केलं: वरच्या गिअरमध्ये गॅस दिला की इंजिन नुसतं ओरडतं, वेग वाढत नाही, तेव्हा क्लच प्लेटा गेल्या असणार. इंजिन उघडावं लागेल.

मालक घाबरला, पण थांबला. प्लेटा एवढ्यात जायला नको होत्या, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं.

मग दुसऱ्यांदा तेच झालं, आणि जास्त वाईट. सिग्नलला उभी असलेली गाडी हिरवा लागल्यावर पुढे जाईना. चाक जाम. वेग शून्य होता हे नशीब. वळणावर, ओल्या रस्त्यावर पुढचं चाक असं धरलं असतं तर ही नोंद वेगळ्या प्रकारची झाली असती.

तपास

दुसऱ्या वर्कशॉपमधल्या फिटरने पहिला प्रश्न विचारला, "शेवटचं काय बदललं?" मालक म्हणाला, "काही नाही. पिना साफ केल्या फक्त." लिव्हरचा उल्लेख त्याने केलाच नाही. लपवायचं म्हणून नव्हे. ती त्याच्या लेखी दुरुस्ती नव्हती, हौस होती. फिटरची नजर मात्र चिकटपट्टीवर गेली.

गाडी थंड होती, आणि थंड गाडीवर हा दोष दिसत नाही. पहिल्या गॅरेजला तो सापडला नाही त्याचं कारण एवढंच. फिटरने गाडी आवारातच, चालण्याच्या वेगाने, पुन्हा पुन्हा ब्रेक लावत फिरवली. लिव्हर आखडायला लागला तसा थांबला आणि मेन स्टँड लावून पुढचं चाक उचललं. हाताने फिरेना.

इथला निर्णय मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समोर दोन सोपे मार्ग होते. एक, कॅलिपरवरचं ब्लीडर निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, सैल करायचं. दोन, लिव्हरचा पिव्होट बोल्ट काढायचा. शिकाऊ मुलाने आठ नंबरचा पाना निपलला लावलाही होता. फिटर म्हणाला, "आधी निपल सोडलंस तर चाक मोकळं होईल आणि पुरावा वाहून जाईल."

त्याचं म्हणणं असं: निपल सोडलं की अडकलेला दाब बाहेर पडतो, मग कारण लिव्हर असो, मास्टर सिलिंडरमधला (लिव्हरजवळच्या, ऑइलवर दाब आणणाऱ्या भागातला) कचरा असो की फुगलेला होज, म्हणजे ब्रेकची नळी, असो. चाक सुटलं म्हणून कळतं एवढंच, की दाब ऑइलमध्ये होता. तो कुणी अडकवला ते कळत नाही. म्हणून वरून खाली यायचं. आधी लिव्हर काढून पाहा. चाक सुटलं तर दोष लिव्हरचा. नाही सुटलं तर निपल सोडा; आता सुटलं तर मास्टर सिलिंडर किंवा होज. तरीही नाही सुटलं तर कॅलिपर, कारण ऑइलमधला दाब संपूनही पॅड डिस्कला धरूनच आहेत.

त्याने नट काढला आणि बोल्ट खालून ढकलला. बोल्ट अर्धा वर आला तसा लिव्हर आपोआप बाहेर उडी मारल्यासारखा सरकला, आणि मास्टर सिलिंडरच्या तोंडावरचं रबरी बूट किंचित पुढे आलं. एक मिलिमीटरही नसेल. शिकाऊ मुलाने चाकाला हात लावला, आणि ते फिरायला लागलं.

बाहेर आलेला पिस्टन आतल्या सर्क्लिपवर (अडवणाऱ्या कडीवर) टेकून थांबतो, त्यामुळे लिव्हर नसताना ऑइल सांडत नाही. मात्र त्या वेळी बोटाने पिस्टन दाबत बसू नये.

आत काय घडत होतं

मास्टर सिलिंडरच्या वरच्या डबीतून आत ऑइल यायला दोन वाटा असतात. त्यातलं एक छिद्र अगदी बारीक, सुईच्या टोकाएवढं. लिव्हर सोडलेला असताना पिस्टनच्या पुढचं रबरी वायसर या छिद्राच्या जरासं मागे असतं, म्हणजे छिद्र उघडं असतं. लिव्हर ओढला की वायसर पुढे जाऊन ते झाकतं, आणि तिथून पुढे दाब तयार व्हायला लागतो.

त्या छिद्राचं दुसरं काम लोकांच्या लक्षात येत नाही. ब्रेक मारताना कॅलिपर तापतो, आतलं ऑइल तापतं आणि प्रसरण पावतं. वाढलेलं ऑइल या छिद्रातूनच वर डबीत जातं. छिद्र झाकलेलंच राहिलं तर त्याला जागा नाही. मग ते कॅलिपरच्या पिस्टनला ढकलतं, पॅड डिस्कला घासतात, आणखी उष्णता, आणखी प्रसरण. एकदा सुरू झालं की हे चक्र स्वतःच स्वतःला वाढवत नेतं. थंड झालं की ऑइल आकुंचन पावतं आणि सगळं पूर्ववत. चाक उचलून फिरवण्याची चाचणी थंड गाडीवर पास होते ती म्हणूनच: छिद्र झाकलेलं असतं, पण दाब अजून तयार झालेला नसतो.

म्हणजे लिव्हरचं ढकलणारं नाक आणि पिस्टन यांच्यामध्ये किंचित फट हवीच. ती डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळते. पिव्होटपासून पिस्टन साधारण २५ मिमीवर आणि बोटं १५० मिमीवर धरली तर सहापट फरक, पिस्टनजवळची ०.३ मिमीची फट बोटाला जवळपास २ मिमी रिकाम्या प्रवासासारखी जाणवते. मालकाला नव्या लिव्हरमध्ये जो टाइटपणा आवडला, तो म्हणजे हीच फट नाहीशी झाल्याची खूण होती.

फिटरने गाडी थंड झाल्यावर आणखी एक खात्री केली. टाकीवर ओलं फडकं पसरलं, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. मग डबीचं झाकण आणि रबरी पडदा काढला. जुना लिव्हर मालकाने घरी जपून ठेवला होता, तो मागवून बसवला. लिव्हर अगदी हळू, केसभर ओढला की ऑइलच्या पृष्ठभागावर छिद्राच्या जागी एक बारीक उमाळा दिसला. छिद्र उघडं असल्याचा तो पुरावा. मग तोच प्रयोग नवा लिव्हर लावून केला. पृष्ठभाग स्थिर. काहीच हललं नाही. (हे करताना तोंड डबीवर आणू नये आणि लिव्हर जोरात ओढू नये, पिचकारी थेट डोळ्यात येते.)

दोन्ही लिव्हर शेजारी ठेवून व्हर्नियरने मोजले. पिव्होटच्या भोकापासून ढकलणाऱ्या नाकाच्या टोकापर्यंत नवा लिव्हर अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त भरला. स्विच दाबणारी कडही त्याच्यावर वेगळ्या जागी होती.

क्लचचं दुखणं

"गाडी ओढत नाही" या एका तक्रारीत दोन दुखणी मिसळली होती, आणि दोन्ही एकाच दुपारच्या कामातून आलेली.

क्लच लिव्हर हलका झाला, कारण पिव्होटपासून केबलच्या निपलपर्यंतचं अंतर नव्यात कमी होतं. जुन्यात २७ मिमी, नव्यात २५. बोटाला जोर कमी लागतो हे खरं, पण लिव्हर तेवढाच ओढला तरी केबल कमी ओढली जाते: जुना जिथे १० मिमी ओढायचा तिथे नवा सव्वानऊच्या आसपास. क्लचच्या प्लेटा सुटायला लागणारी उचल मुळात थोडी असते, त्यामुळे पाऊण मिलिमीटरही जाणवतो. लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच नीट सुटेना. न्यूट्रल सापडेना, गिअरमध्ये उभी गाडी पुढे सरकू पाहायची.

त्यावर मालकाने अ‍ॅडजस्टर बाहेर घेऊन केबल ताणली. न्यूट्रल सापडायला लागलं. पण त्यात सगळा प्ले, म्हणजे केबल ताणली जाण्याआधीचा लिव्हरचा रिकामा प्रवास, संपला. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी प्ले सांगितलेला असतो. इथे टोक हलवलं की लगेच केबल ताठ. म्हणजे लिव्हर सोडलेला असतानाही केबल क्लचला किंचित ओढून धरत होती. प्लेटा पूर्ण दाबाने चिकटत नव्हत्या, जोर आला की घसरत होत्या. त्यात पुढचा ब्रेक धरलेला, म्हणजे इंजिनवर ओझं जास्त, म्हणजे घसरणं जास्त. पहिल्या मेकॅनिकला प्लेटा गेल्यासारखं वाटलं ते या दोन्हींच्या बेरजेने.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय मालकाने स्वतःच सुचवला: नाक कानसून अर्धा मिलिमीटर कमी करायचं. अ‍ॅल्युमिनियम आहे, चार हात मारले की झालं. हा पर्याय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बरेच जण तो वापरतात आणि कित्येकांचं निभावतंही. फिटरचे आक्षेप तीन होते. नाकाला गोलाई असते, म्हणून ते पिस्टनच्या मध्यावर दाबतं. हाताने कानसल्यावर गोलाई बिघडली तर पिस्टन तिरका ढकलला जातो. दुसरं, वरचा कडक थर गेला की मऊ धातू झिजतो आणि ब्रेकचा प्ले वाढत जातो. कमी केलेला धातू परत चढवता येत नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत पटला: स्विचची कडही चुकीच्या जागी आहे, त्याअर्थी चूक एकट्या नाकाची नाही, लिव्हरची मापंच या गाडीची नाहीत. एक जागा कानसून दुरुस्त केली, तर तिसरी कुठली चुकलेली आहे ते रस्त्यावर कळणार.

दुसरा पर्याय, त्याच प्रकारचा दुसऱ्या बनावटीचा जोड. मालकाचा कल इकडे होता. अडचण एवढीच की आणल्याशिवाय माप कळत नाही, आणि तोवर गाडी उभी.

तिसरा, ब्रेकला जुना लिव्हर आणि क्लचला नवा. क्लचचा नवा लिव्हर योग्य प्ले ठेवून बसवून पाहिला. घसरणं थांबलं, पण थंड इंजिनावर गिअर टाकताना गाडी झटका देऊन पुढे सरकायची. चालवता आली असती, फिटरचं मत, "चालेल, पण रोज कुरकुर ऐकाल." शिवाय दर वेळी क्लच अर्धवट सोडून गिअर बदलले की प्लेटा आणि गिअर दोन्ही झिजतात.

चौथा, दोन्ही मूळ मापाचे लिव्हर. दिसायला मागे जाणं, आणि आखूड बोटांची तक्रार तशीच.

काय केलं

चौथा पर्याय ठरला. मोडक्या क्लच लिव्हरच्या जागी कंपनीच्या मापाचा नवा आणला, ब्रेकला मालकाचा जुनाच लावला.

बसवताना पिव्होट बोल्टला ग्रीसचा हलका हात दिला. पिस्टनला टेकणाऱ्या नाकाला सिलिकॉन ग्रीस, कारण साधं ग्रीस ब्रेकच्या रबराला चालत नाही. पिव्होट बोल्ट करकचून आवळायचा नसतो. तो बसेल इतपतच घट्ट करायचा, मग बोल्ट धरून ठेवून नट आवळायचा. कित्येक मॅन्युअलमध्ये बोल्टला अवघं १ न्यूटन-मीटर आणि नटला ६ च्या आसपास दिलेलं असतं. बोल्ट जास्त आवळला तर लिव्हरच्या दोन्ही बाजूंचे कंसाचे कान आवळले जातात आणि लिव्हर मागे यायला कुरकुरतो, म्हणजे आपण सोडवला तोच दोष दुसऱ्या वाटेने परत.

क्लचला हँडलजवळचा अ‍ॅडजस्टर आत घेऊन प्ले आधी इंजिनकडच्या बाजूने बसवला, मग बारीक फरक हँडलजवळ. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून प्ले बदलत नाही ना ते पाहिलं. केबल कुठे ताणली जात असेल तर ती तिथेच कळते. प्ले दिल्यावर चाचणीत क्लच घसरला नाही, म्हणून इंजिन उघडलं नाही. प्लेटांवर थोडा ताण आलेला असणार, पण आज उघडून हातात काही येणार नव्हतं. पुन्हा घसरला तर उघडू, असं ठरलं आणि तसं कार्डावर लिहिलं.

ब्रेकचं मात्र काही सोडलं नाही. पॅड तापून काचेसारखी चकचकीत झाली होती, ती बदलली. डिस्कवर निळसर छटा आली होती. डायल गेज लावून ती वाकलेली नाही ना ते पाहिलं. ऑइल काळपट झालं होतं. डबीच्या झाकणावर लिहिलेलं तेच, म्हणजे इथे डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल, सीलबंद डब्यातून घालून एअर काढली. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. एवढ्या तापलेल्या कॅलिपरमधलं जुनं ऑइल ठेवण्यात अर्थ नव्हता. कॅलिपरची सीलं पाहिली, शाबूत होती.

बोटांच्या तक्रारीवर फिटरने पैसे न लागणारा उपाय केला. मालकाला गाडीवर बसवलं, हात रोजच्यासारखे ठेवायला सांगितले, आणि लिव्हर हँडलला धरून ठेवणारे दोन्ही कंस सैल करून लिव्हर थोडे खाली फिरवले, मनगट न मोडता बोटं सरळ लिव्हरवर पडतील इतके. मास्टर सिलिंडरच्या कंसावरचा बाण वर ठेवून आधी वरचा बोल्ट, मग खालचा. हा क्रम चुकवू नये. मालक म्हणाला, लिव्हर जवळ आल्यासारखा वाटतोय. अंतर तेवढंच होतं, मनगट सरळ झालं होतं.

परिणाम

आवारातली ब्रेक तापवण्याची चाचणी पुन्हा केली. लिव्हरचा प्रवास बदलला नाही, चाक गरम असतानाही हाताने फिरलं, ब्रेक लाइट विझत होता. नंतर नियमित सर्व्हिसिंगला गाडी आली तेव्हा ब्रेकची तक्रार नव्हती, क्लचही घसरला नव्हता.

मालकाचं एक म्हणणं नोंदवण्यासारखं आहे. पहिले काही दिवस त्याला ब्रेक ढिला वाटला. टाइट लिव्हरची सवय किती पटकन लागते, आणि चांगला ब्रेक म्हणजे बोट लावताच धरणारा ब्रेक ही समजूत किती पक्की असते, ते यातून दिसतं. प्रत्यक्षात थांबायला आता जोर कमी लागत होता. आखूड लिव्हरवर बोटं पिव्होटच्या जवळ पडतात. १५० ऐवजी ११० मिमीवर पडली तर तेवढ्याच ब्रेकसाठी आधीपेक्षा एक तृतीयांशाहून थोडा अधिक असा जादा जोर लावावा लागतो.

वेगळं काय करता आलं असतं

निर्णयाच्या जागा मागे जाऊन पाहिल्या तर पहिली बाजारातच आहे. मोडलेला एकच लिव्हर, नव्या जोडातला लावून का होईना, बदलला असता तर क्लचचं दुखणं तरी आलं असतं, पण ब्रेकचं आलं नसतं. आणि क्लचच्या दुखण्याने माणूस वैतागतो, पडत नाही.

दुसरी जागा, बोल्ट दाबून घालावा लागला तो क्षण. ब्रेक लिव्हर भोकात बसवताना पिस्टन जराही ढकलावा लागत असेल तर तिथेच थांबून जुना आणि नवा शेजारी ठेवायला हवे होते. व्हर्नियर नसता तरी चाललं असतं. दोन्हींच्या भोकांतून एकच बोल्ट घालून एकावर एक धरले असते तर नाक पुढे आलेलं नुसत्या डोळ्यांना दिसलं असतं. नवा भाग बसवण्याआधी ही चाचणी कुणालाही घरी करता येते. निपलचं भोक आणि स्विचची कडही त्यात एकाच नजरेत तपासली जाते.

चिकटपट्टीबद्दल माझं मत जरा कडक आहे. ब्रेक लाइट सतत लागून राहणं हा स्वतंत्र धोका आहेच, कारण मागच्याला आपण ब्रेक मारल्याचं कळत नाही. पण इथे तो लाइट आणखी काही सांगत होता: लिव्हर आपल्या जागी नाही. पट्टी लावल्यावर तक्रार करणारा गप्प झाला आणि तक्रार तशीच राहिली.

पहिल्या गॅरेजकडे पाहताना मला त्यांच्या निदानापेक्षा क्रमाबद्दल बोलावंसं वाटतं. गरम झाल्यावरच येणारा दोष थंड गाडीवर शोधायला घेतला की सवयीच्या कारणाकडेच हात जातो. पिना साफ करण्याने नुकसान काही झालं नाही; मात्र गाडी "दुरुस्त" म्हणून रस्त्यावर गेली, आणि दुसऱ्यांदा जाम होईपर्यंत मालक निर्धास्त होता. ब्रेक तापवून पाहिल्याशिवाय ती परत द्यायला नको होती. प्लेटांबद्दल बोलण्याआधी क्लचचा प्ले बोटाने पाहणं, हे तर काही सेकंदांचं काम.

दुसऱ्या वर्कशॉपमध्येही एक गोष्ट सुधारली. "शेवटचं काय बदललं?" या प्रश्नाला "काही नाही" हे उत्तर प्रामाणिकपणे मिळू शकतं, हे तिथे लक्षात आलं. आता जॉब कार्डावर त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न आहे: गाडी घेतली तेव्हा नव्हतं असं आज गाडीवर काय काय आहे?

मालकाने अंतर बदलणाऱ्या लिव्हरचा नाद सोडलेला नाही. फिटरनेही त्याला नाही म्हटलेलं नाही. अट एवढीच घातली आहे, की नवा जोड आणला तर पाकीट फोडून आधी जुन्यावर ठेवून मोजायचा. ब्रेकचा बोल्ट न दाबता आत गेला पाहिजे, लाइट पट्टीशिवाय विझला पाहिजे, डबीत उमाळा दिसला पाहिजे, आणि आवारात ब्रेक तापवल्यावरही चाक हाताने फिरलं पाहिजे. यातलं एक जरी चुकलं तर जोड पाकिटात परत.